बत्तिसावं नाव

मामाजी,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. दहावा झाला, तेरावी झाली, पाहुणे आपापल्या बसनं गेले. मागून आणलेली पातेली ज्याची त्याला पोचली. तुमची बाज दोन दिवस उन्हात टाकून पुन्हा आत घेतली. माझ्या यादीत एकवीस कामं होती, त्यातली वीस झाली. एकविसावं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिथं लिहिलं आहे : मामाजींशी बोलणे.

चोवीस वर्षं मी तुमच्या घरात सून म्हणून राहिले आणि तुमच्याशी सरळ तोंडानं बोलले ते सगळे मिळून दोन दिवस. बाहेरच्या माणसाला हे ऐकून वाटेल की आपलं पटत नव्हतं. पटत होतं, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि चांद्याला माहीत आहे.

मी नांदुऱ्याहून इथं सुलतानपूरला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सासऱ्यासमोर पदर डोक्यावर, नजर खाली, आवाज नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. सगळ्या घरांत तसंच होतं. तुम्हाला काय हवं ते सासूबाई मला सांगायच्या, मला काय हवं ते तुम्हाला. चौथ्या वर्षी त्या गेल्या आणि आपल्या दोघांच्या मधलं माणूसच गेलं. तुमचे चिरंजीव बसवर कंडक्टर. चार दिवस घरी, दहा दिवस गाडीवर. घरात उरलो तुम्ही आणि मी. मळ्यात वांगी, मिरची, मेथी, आणि बोलायची सोय नाही.

माझे वडील नांदुरा स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. ते प्रत्येक गोष्टीची यादी करायचे, सुट्टीच्या दिवशी काय काय करायचं नाही याचीसुद्धा. ती सवय मी सासरी घेऊन आले होते. सासूबाई गेल्यावर महिन्याभरानं मी एका कागदावर लिहिलं : एक, मीठ संपलं. दोन, विहिरीचा दोर कुजला आहे. तीन, मळ्यात भाकरी किती वाजता पाठवू? आणि दाराजवळच्या खिळ्याला तो कागद टोचून ठेवला. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले. कागद वाचलात, गोठ्यात गेलात आणि मला ऐकू येईल अशा आवाजात बैलाला म्हणालात, "चांद्या, तिले सांग, दोर उद्या आनतो. भाकर बारा वाजता. आन् मीठ म्या कालच आनलं, फडताळात पाय म्हना."

मीठ फडताळात होतं.

तेव्हापासून आपली रीत ठरून गेली. मी कागदावर, तुम्ही चांद्याला. पुढं मी यादीची शेवटची ओळ कोरी सोडायला लागले आणि खिळ्याला दोऱ्यानं पेन्सिल बांधली. मग तुम्हीही लिहू लागलात. पहिला चांद्या म्हातारा होऊन गेला, त्याच्या जागी दुसरा आला, त्याचंही नाव तुम्ही चांद्याच ठेवलंत. "मधला मानूस बदलला की निरोप बिघडते," असं तुम्ही शेजाऱ्यांना सांगितल्याचं माझ्या कानावर आलं होतं.

आता गोळ्यांबद्दल. हे सगळं पहिल्यापासून मी कुठंही लिहिलेलं नाही आणि तुम्हीही ते तसं कधी काढलं नाहीत.

तुमचे गुडघे महाराष्ट्र झालं त्या सुमाराला धरले. मेथी उपटायला उकिडवं बसता येईना. तुम्ही मजुरांच्या मागं उभं राहून नुसतं पाहायचात, आणि उभं राहून पाहणं तुमच्या स्वभावात नव्हतं. मेहकरच्या डॉक्टरांनी तुम्हाला पांढऱ्या गोळ्या दिल्या, अंगदुखीच्या, सूज उतरवायच्या. आठव्या दिवशी तुम्ही वाफ्यात उकिडवे बसलात. मी डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन बांधावर उभी होते. तुम्ही मेथीची जुडी उचलून चांद्याला दाखवलीत, म्हणजे मला दाखवलीत. त्या दिवसाचा आनंद खोटा नव्हता. पुढं जे झालं ते त्या आनंदातूनच झालं, म्हणून त्याला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही.

तुमच्या चंचीला सहा कप्पे होते. पान, सुपारी, कात, चुन्याची डबी, तंबाखू. सहावा कप्पा रिकामा असायचा. त्यात गोळ्या आल्या. आणि तुमची चंची तुमच्या एकट्याची कधीच नव्हती. पारावर बसलं की ती उघडायची, विहिरीवर उघडायची, बस थांबते तिथं उघडायची. पान काढून द्यावं तशी तुम्ही गोळी काढून द्यायला लागलात. कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाची दाढ. शेरभर सुपारी वाटणाऱ्या माणसाला गोळी वाटताना वेगळं काय वाटणार?

पहिलवानाला तुम्ही पहिली गोळी दिलीत ती मी विहिरीवरून ऐकली आहे. आखाडा सुटून त्याला वीस वर्षं झाली होती, पण नाव तेच राहिलं होतं.

"घे बे पहिलवान, टाक एक. दुपारपर्यंत आंग हलकं."

"कडू हाये काय, आबा?"

"तुह्या बायकोपरीस कमी."

"मंग दोन द्या."

डॉक्टरांनी गोळी जेवणावर घ्यायला सांगितली होती. कागदाच्या पुडीवर तसं लिहिलंही होतं. तुम्ही मात्र पहाटे उठल्यावर, तोंडात पाणी घेऊन, गोळी गिळायचात आणि मग तंबाखू मळायचात. न्याहारी दहा वाजता मळ्यात. मी यादीत लिहिलं : गोळी जेवणावर घ्यायची असते. तुम्ही शेवटच्या ओळीवर उत्तर दिलंत : वंगण गाडी जोडायच्या आधी घालतात.

मी ते वाचून हसले. मला ते पटलंसुद्धा. चाकाला वंगण गाडी चालून आल्यावर कोण घालतं? आणि तुम्ही ज्याला ज्याला गोळी दिलीत त्याला त्याला हेच सांगितलंत. कामाले जायच्या आधी घे. साऱ्या गावानं तसंच केलं, कारण कामाला जाणारं माणूस उपाशीपोटीच निघतं. माझी चूक इथं संपत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या संपल्यावर लोणारच्या बाजाराच्या यादीत 'गोळ्यांची बाटली एक' हे मी लिहायचे. गूळ, तेल, कापूर, गोळ्या. पुढं बाटल्या दोन झाल्या तेव्हाही मी विचारलं नाही की एका माणसाच्या दोन गुडघ्यांना एवढ्या कशाला लागतात. माझी यादी पूर्ण होती, एवढंच मी पाहिलं.

किसन सुतार पडला तो उन्हाळ्याचा शेवट होता. पेरणी जवळ आली की सगळ्या गावाच्या तिफणी त्याच्या दारात येतात. मनगटं सुजायची म्हणून तो तुमच्याकडून रोज गोळी न्यायचा, घाईच्या दिवसांत तीन. त्या सकाळी लाकूड तासायचा वाकस हातात असतानाच तो बसल्या जागी कलंडला आणि ओकला. ओकारी चहाच्या चोथ्यासारखी काळी. त्याची बायको रस्त्यावर धावत आली. तुम्ही गाडी जोडलीत, त्याला हमरस्त्यापर्यंत नेलंत, तिथून बसनं मेहकरला. बरोबर तुम्ही गेलात.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं परत आलात. मी ओसरीवर मिरच्या निवडत होते. नेहमी बाहेरून आलं की तुम्ही आधी गोठ्यात जायचात. त्या दिवशी गेला नाहीत. माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. कंबरेची चंची सोडलीत आणि उंबऱ्यावर ठेवलीत.

"सूनबाई, यादी कर."

मी मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून. कुणी नव्हतं. तुम्ही माझ्याशी बोलत होता.

मी पदर ओढून कागद आणला. तुम्ही पायरीवर बसलात, मी दाराच्या आत. आणि तुम्ही डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलंत. किसन जगेल. पण त्याच्या जठराला आतून जखम झाली आहे आणि तिच्यातून रक्त गेलं आहे. गोळी सांध्याची सूज उतरवते आणि त्याच वेळी पोटाचं आतलं अस्तर सोलते. उपाशी पोटात जास्त, म्हाताऱ्या माणसात जास्त, तंबाखू खाणाऱ्यात आणखी. रक्त पोटात पडलं की शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होते. चक्कर येते, डोळ्याच्या आतली पापणी पांढरी पडते. काहींच्या मूत्रपिंडावर जाते, पाय सुजतात. आणि दरवेळी पोट दुखेलच असं नाही, कारण दुखणं मारायचीच ती गोळी. डॉक्टरांनी विचारलं होतं, ही गोळी आणखी कोण घेतं? तुम्ही त्यांना सांगितलंत, "साहेब, गाव घेते."

मी रकाने आखले. नाव, वय, कुठलं दुखणं, दिवसाला किती, जेवून की उपाशी, शौचाचा रंग, पायावर सूज, काय करावे. तुम्ही डोळे मिटलेत आणि जागा आठवून नावं सांगायला लागलात. आधी पाराची माणसं, मग विहिरीची, मग बसच्या थांब्याची, मग वाटेत भेटणारी. सोळा नावं लिहून मी थांबले आणि म्हणाले, "सतरावी मी." पाटीचं ओझं उचलून पाठ धरायची तेव्हा सासूबाईंच्या फोटोखाली ठेवलेल्या तुमच्या बाटलीतून मी चार वेळा गोळी घेतली होती. तुम्ही मान खाली घातलीत.

"जेवून का उपाशी?"

"जेवून."

"तू एकली शायनी निंघाली."

एकतीस नावं झाली. तुम्ही म्हणालात, आत्ताच निघू.

त्या दोन दिवसांची आठवण आली की अजून मला हसू येतं. गावानं असं कधी पाहिलं नव्हतं. पुढं सासरा, हातात काठी. मागं चार पावलांवर सून, डोक्यावर पदर, हातात कागद. आणि घरोघरी जाऊन विचारणार ते हे. आपण कामं वाटून घेतली. माणसांना तुम्ही विचारायचं, बायांना मी. पहिलवानाच्या अंगणात तुमचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"पहिलवान, खरं सांगजो. सकाळी परसाकडले गेला व्हता?"

"हाव."

"कोन्या रंगाची झाली?"

"आबा, तुमाले काय करा लागते त्याचं?"

"यादीत लिवा लागते."

"सूनबाई बी आली काय? अरे बाप्पा." पहिलवान दाराआड गेला. "पिवळी. लिवा पिवळी. आन् तिले म्हना माह्या नावापुढं मोठ्या अक्षरात नोका लिवू."

गोदाबाईनं मला दहा मिनिटं तिच्या सगळ्या दुखण्यांची हकीकत सांगितली आणि रंग विचारल्यावर म्हणाली, "मले दिसते कुठं, बाई? मोतीबिंदू हाये." मग तिच्या नातीला विचारून तो रकाना भरला.

प्रत्येक घरी तुम्ही उरलेल्या गोळ्या परत मागितल्या. हे तुम्हाला किती जड गेलं ते मी मागून पाहत होते. दिलेली मेथीची काडी तुम्ही कधी परत घेतली नव्हती. तुमचं गावात काय होतं तर ते देणं होतं. जमीन तर बेताचीच. आता प्रत्येक दारात हात पुढं करून तुम्ही म्हणत होता, "माही चूक झाली. दे बरं वापस." कुणी हसलं, कुणी रागावलं. एक जण म्हणाला, "आबा, आता म्हातारपनी डाक्टरकी सोडली का?" तुम्ही म्हणालात, "सोडली. तूच करजो आता," आणि पुढच्या घरी गेलात.

दुसऱ्या दिवशी अठ्ठाविसावं नाव सरूबाईचं होतं. ती आपल्याच मळ्यात निंदायला यायची, आणि त्या दिवसांत लोकांच्या वावरातली धसकटं वेचायला जायची. एकटी बाई, दोन मुली. मी आत गेले, तुम्ही बाहेर लिंबाखाली थांबलात.

"नाई बाई," ती म्हणाली, "मले काई नाई. पिवळी."

तिनं एवढ्या लगेच सांगितलं की माझी पेन्सिल थांबली. बाकीच्या बायांनी आधी लाजून वेळ काढला होता. मी तिला दाराच्या उजेडात आणलं आणि डोळ्याखालची कातडी ओढली. आत रक्ताचा थेंब नसावा असं पांढरं. नखं पांढरी.

"सरू, किती दिवस झाले?"

ती खाली बसली. "आठ. म्या म्हनलं मिसरी पोटात गेली असंन, थ्याच्यानं काळी होऊन राह्यली." मग माझा पदर धरून हळू म्हणाली, "आबाले सांगू नोका. थे गोळी बंद करतीन. गोळीबिगर मले वाकता येत नाई, बाई. वाकली नाई तं मले कोन कामाले बोलावते?"

त्या वेळी माझ्या आठ रकान्यांत या प्रश्नाला जागा नव्हती. गोळीनं तिचं पोट जात होतं आणि गोळीवाचून दोन मुलींचं पोट जाणार होतं. मी बाहेर आले. लिंबाखाली चार माणसं जमली होती, त्यांच्यासमोर मी तुमच्याकडे पाहून म्हणाले, "मामाजी, गाडी जोडा."

चोवीस वर्षांत तुम्हाला मी तोंडानं दिलेला हुकूम तो एक. तुम्ही कुणाकडं पाहिलं नाहीत. निघालात. गुडघ्यांनी पळता येत नव्हतं तरी तुम्ही पळालात.

सरू वाचली. डॉक्टरांनी ठेवून घेतलं, बाटली लावली, आणि मला म्हणाले की दोन दिवसांनी आणली असती तर काही सांगता आलं नसतं. ती पंधरा दिवसांनी घरी आली. पण ती घरी यायच्या आधीच तुम्ही चांद्याला सांगून टाकलं होतं : "तिले म्हना, मिरच्याचे देठ मोडायले सरू आपल्या वट्ट्यावर बसंन. बारा महिने. वाकायचं काम नाई." मी न आखलेल्या नवव्या रकान्याचं उत्तर तुम्ही असं दिलंत. ती आजही ओट्यावर बसून देठ मोडते आहे. हे लिहिताना मला तिच्या पाटीचा आवाज येतो आहे.

यादी मी खिळ्यालाच ठेवली. जसजसं एकेक जण येऊन सांगे, "सूनबाई, ठीक हाये आता," तसतशी मी त्याच्या नावापुढं खूण करायचे. किसन तीन महिन्यांनी खूण करून गेला, स्वतःच्या हातानं. सुतार असल्यामुळं ती खूण सगळ्यांत सरळ आहे. एकतीसच्या एकतीस झाल्या.

पण त्याआधीची गोष्ट राहिली. सरूला पोचवून, उरलेली तीन नावं विचारून आपण आलो त्या संध्याकाळी मी कागद पुन्हा तपासायला बसले. पाराची माणसं, विहिरीची, थांब्याची, वाटेवरची. सगळी नावं बरोबर होती. आणि ज्यानं चंची उघडली त्याचं नाव कुठंच नव्हतं. तुम्ही सांगितलं नाहीत आणि मला सुचलं नाही. मी आखलेल्या सगळ्या याद्यांमध्ये एवढी मोठी चूक दुसरी नाही.

दोन दिवस आपण बोललो होतो, पण आता पुन्हा घर होतं, चूल होती, डोक्यावर पदर होता. सासऱ्याला शौचाचा रंग कसा विचारायचा? मी खाली एक ओळ वाढवली. बत्तीस. नावाच्या रकान्यात 'मामाजी' लिहिलं, वय लिहिलं, दुखणं गुडघे, उपाशी. पुढचे रकाने कोरे ठेवले आणि कागद खिळ्याला लावून स्वयंपाकाला लागले.

सकाळी पाहिलं तर तुम्ही भरले होते. रंग : काळी, सा दिवस. सूज : थोडी. आणि शेवटच्या रकान्यात, 'काय करावे' याच्याखाली, तुमच्या तिरक्या अक्षरात : सूनबाई म्हनंल तसं.

सहा दिवस. किसनला गाडीत घालून नेलंत तेव्हा, गावभर काठी टेकत फिरलात तेव्हा, सरूसाठी पळालात तेव्हा. मला राग आला. मग रडू आलं. मग मी दुसरा कागद घेतला आणि लिहिलं : एक, नऊच्या बसनं मेहकर. दोन, तंबाखू बंद. तीन, आधी दूध प्यावे. तुम्ही दूध प्यालात आणि नऊच्या बसनं गेलात. डॉक्टरांनी सांगितलं की जखम लहान आहे, वेळेवर आलात, पण या जातीची गोळी पुन्हा जन्मात नाही.

यानंतर आपलं भांडण सुरू झालं आणि सहा वर्षं चाललं. अजूनही मिटलेलं नाही, म्हणून माझी बाजू पुन्हा मांडते.

तुमचं म्हणणं असं, की मी गोळी काढून घेतली पण दुखणं तसंच ठेवलं. माझं म्हणणं असं, की गुडघे दुखणारा माणूस ओसरीवर बसतो आणि रक्त गेलेला माणूस बसत नाही. मी यादीत रोज लिहायचे : गरम विटेचा शेक, एरंडेल चोळणे, निर्गुडीचा पाला बांधणे. तुम्ही खाली लिहायचात : "शेक घेतला. तुझी यादी बरोबर हाये, पन गुडघ्याले वाचता येत नाई." डॉक्टरांनी मग पोटाला न लागणारी दुसरी गोळी दिली, थोडंफार दुखणं कमी करणारी. तुम्ही तिला खडू म्हणायला लागलात. "चांद्या, तिले सांग, आज पाटी लिवायची हाये, एक खडू दे." मी खडू द्यायचे, आधी दोन घास खायला लावून. उकिडवे मात्र तुम्ही पुन्हा कधी बसला नाहीत. मेथीच्या वाफ्याकडं तुम्ही पाहायचात तेव्हा मी मान फिरवायचे. तुमची बाजूही खरी होती, मामाजी. हे मी तेव्हा कागदावर लिहायला हवं होतं. लिहिलं असतं तर तुम्ही नक्की खाली लिहिलं असतंत : एक बाटली आन मंग. म्हणून लिहिलं नाही.

चंचीचा सहावा कप्पा तुम्ही रिकामा ठेवला नाहीत. त्यात फुटाणे आले. कुणी कंबर धरून आलं की तुम्ही मूठभर फुटाणे हातावर ठेवायचात. "आंधी हे खा. मंग दुखन्याचं पाहू." पहिलवान म्हणायचा, "आबा, गोळी देत तवा पोट जाये, आता दात जातीन." पण मेहकरला कुणी दवाखान्यात निघालं, की निघण्याआधी तुम्हाला विचारून जायचं, आणि तुम्ही सांगायचात, डॉक्टरले सांगजो घरी काय काय खाल्लं ते, लपवू नोको. एवढं एकच वाक्य तुम्ही सहा वर्षं वाटलंत. त्याला कप्पा लागला नाही.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. बत्तिसाव्या नावापुढं खूण झाली नाही. तुम्ही आपणहून कधी सांगितलं नाहीत आणि मी पुन्हा विचारलं नाही. तुमच्या ताटात किती भाकरी संपली, चेहऱ्यावर रंग आहे का, नखं कशी आहेत, हे मी पाहायचे आणि समजून घ्यायचे. कागद पिवळा पडला तेव्हा मी तो खिळ्यावरून काढून माझ्या पेटीत ठेवला. मला वाटलं, तुम्ही विसरलात.

या खेपेला तुम्ही पडलात ते वयामुळं. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले, पोट चांगलं आहे, दुसरं काही नाही, दिवा तेल संपल्यावर जातो तसं समजा. तुम्ही बाज गोठ्याला लागून असलेल्या खोलीत लावून घेतलीत. जायच्या चार दिवस आधी, दुपारी, मी तुम्हाला पेज देऊन ताट उचलत होते. तुम्ही भिंतीपलीकडं तोंड केलंत.

"चांद्या."

बैलानं कान हलवला असावा, घंटा वाजली.

"तिले सांग, सा वर्षं झाली, पिवळीच हाये. खून करून टाक म्हना."

मी ताट तसंच धरून उभी राहिले. तुम्ही डोळे मिटलेत, पण तोंडावर हसू होतं. मला काहीतरी म्हणायचं होतं. रीत मोडून म्हणता आलं असतं; गाडी जोडा म्हणाले होते तसं. मी म्हणाले, "चांद्या, त्यांना सांग, करते."

केली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. ती एक खूण झाली की यादी संपणार होती, आणि मला ती संपवायची नव्हती. आयुष्यात मी मुद्दाम अर्धवट ठेवलेलं काम ते एक.

आज सकाळी पेटीतून कागद काढला. घडीवर थोडा फाटला आहे, पण नावं वाचता येतात. एकतीस माणसांपैकी सव्वीस अजून आहेत, त्यातली चोवीस तुमच्या तेरावीला जेवून गेली. पहिलवानानं वाढताना माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता म्हणाला, "पिवळी हाये, सूनबाई." पंगतीत सगळे हसले. तेरावीच्या पंगतीत असं हसावं की नाही मला माहीत नाही. तुम्ही असता तर चांद्याला सांगितलं असतंत.

सरू आता ओट्यावरून विचारते आहे, बाई, एवढं काय लिहून राह्यल्या? मी तिला आत बोलावलं आणि तिच्यासमोर, खिळ्याची पेन्सिल घेऊन, बत्तिसाव्या नावापुढं खूण केली. तिनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नाही, पण खुणा मोजता येतात. वरून खाली बोट फिरवत तिनं सगळ्या मोजल्या.

"झाल्या सगळ्या," ती म्हणाली, आणि देठ मोडायला गेली.